फाट्याचं माप शेवटी

जुबैलच्या यार्डात मला कुणी नावानं हाक मारत नाही.
खिडकीची काच टपटप वाजवतात,
"स्टोअर, एक टी दे."
कसली?
सरळ की रिड्युसिंग?
नीट माप सांग बाबा. आडव्याचं आधी, फाट्याचं शेवटी:
चोवीस, चोवीस, आठ.
मोठ्यांची नावं वर आणि आपला नम्र खाली,
लग्नपत्रिकेवर असतं तसंच.

जुलैत सकाळी सहालाच लोखंड इतकं तापतं
की मोजे न घालता एल्बो उचलणाऱ्याच्या तळव्याला
दुपारपर्यंत त्याची आठवण राहते.

दाभोळचा हसनमियाँ सरखोत. तीस वर्षं फिटर.
मी नवा असताना त्यानं मला रॅकपुढे उभं केलं,
दोन रिड्युसर जमिनीवर ठेवले.
"हा कॉन्सेंट्रिक. चहूबाजूंनी सारखा निमुळता.
याला अक्कल लागत नाही.
हा दुसरा बघ. पाठ ताठ, पोट सुटलेलं,
आपल्या कुरियन फोरमनसारखा.
पंपाच्या तोंडाशी याची पाठ वर ठेवायची,
नाहीतर वर हवा अडकते
आणि पंप ठसका लागल्यासारखा खोकत बसतो.
रॅकवरच्या लाइनीत पाठ खाली.
नाहीतर सगळी लाइन रिकामी केली तरी
तळाशी थोडं राहतंच."

थोडं राहतंच, असं पुन्हा म्हणाला
आणि खडू खिशात ठेवून जेवायला गेला.

एकदा रात्रपाळीत रोडेलनं पंपावर तो उलटा टॅक केला.
सरखोतनं अंधारात नुसता हात फिरवला,
गुरांच्या बाजारात बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा,
आणि म्हणाला, "काप."
कुरियन ओरडला, सहाला टेस्ट आहे!
सरखोत म्हणाला, मग पाचपर्यंत काप.
ग्राइंडरच्या ठिणग्या वाऱ्यानं थेट कुंपणापर्यंत गेल्या.
सहाला टेस्ट झाली.
कुरियननं त्याला चहा पाजला,
स्वतःच्या थर्मासमधला.

पुढच्या मेडिकलला डोळ्यांत नापास.
हाताची परीक्षा त्यांच्याकडे नव्हती.

त्याच आठवड्यात माल आला, त्यात एक टी होती:
सहा, सहा, तीन.
जाडी बरोबर, तोंडं गोल, कडा साफ.
पण कुणीतरी घासून तिचा हीट नंबर पुसला होता.
कुठल्या भट्टीतली, कुठल्या ओतातली, काही कळेना.
सर्टिफिकेट एकीकडे, लोखंड एकीकडे.
इन्स्पेक्टरनं लाल रंगाचा पट्टा मारला.
परत पाठवायचं भाडं तिच्या किमतीहून जास्त,
म्हणून राहिली.

आता ती स्टोअरचं दार अडवून बसते.
शमाल सुटला की तिच्या मोठ्या तोंडातून आत शिरतो
आणि तीन इंचातून बारीक आवाज काढतो,
दूध उतू जायच्या आधी पातेलं काढतं तसा काहीसा.
दर गुरुवारी मी तिच्यातली वाळू झटकतो.
सगळी निघत नाही.

सरखोतचा आवाज येतो फोनवर, दाभोळहून:
"स्टोअर, इकडे सगळं प्लास्टिक.
डिंक लावतात, हातानं दाबतात, झाला म्हणे जोड!
आमच्या नळाला दिवसाआड पाणी.
एकाचं अर्धा केलं मी, बुशिंग टाकून,
आता निदान जोरात तरी येतं.
बायको म्हणते, तीस वर्षं तिकडे हेच करत होतास?
मी म्हटलं, हो.
हेच."

काल एक नवा पोरगा आला, बार्शीचा,
हेल्मेटवरचं स्टिकरसुद्धा अजून चकचकीत.
काच वाजवायची सोडून दारातूनच आत आला,
टीला ठेचकाळला, खाली वाकून बघत राहिला.
"काका, ही कितीची?"
मी म्हटलं, तूच सांग.
त्यानं वीत लावली, बोटं मोजली:
"तीन... सहा... सहा."

मी रजिस्टर मिटलं.
खडू घेतला आणि त्याला म्हटलं,
बस.